बारशाचा नारळ

माझं नाव माझ्या सासूने ठेवलं. हे ऐकून नवीन माणूस चक्रावतो, म्हणून आधी नातं सांगते. हौसा ही माझ्या वडिलांची सख्खी बहीण, म्हणजे माझी आत्या. बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून पोरीच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. तिने माझ्या कानात 'काशी' म्हटलं, बायांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि पाठ चोळत उभी राहता राहता ती म्हणाली, "ही माज्या केरूची." केरू तेव्हा चार वर्षांचा होता आणि खळ्यात उघडानागडा धावत होता. माझ्या आईने आत्याच्या ओटीत नारळ घातला आणि माझं लग्न ठरलं. आमच्यात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क. तो नारळ म्हणजे त्या हक्काचा शिक्का.

एकवीस वर्षांनी मी केरूच्या घरी नांदायला गेले. गेले म्हणजे किती लांब, तर वरच्या वाडीतून खालच्या वाडीत. मधे एक पऱ्या, पावसात धो धो वाहणारा आणि शिमग्यापर्यंत आटून जाणारा ओढा. सासूला मी 'आते' म्हणत होते, तशीच म्हणत राहिले. मी तापट आहे, तोंडाने फटकळ आहे, हे तिला माझ्या पाळण्यापासून ठाऊक होतं, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न आला नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे मात्र मला जड गेलं, कारण लहानपणी मी त्याला केरू म्हणूनच दगड मारले होते. हे मुंबईला छापखान्यात कामाला. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढे ते आमचे. संसार चांगला झाला, अजूनही चांगला चाललाय. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणी हळहळायला लागलं की मला राग येतो.

तर २००४ सालच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाला, गंगारामला, पहिली मुलगी झाली. आता आत्या मी. नाव मी सांगणार, धपाटे मी खाणार, आणि मग "ही माझ्या स्वरूपची" म्हणणार, यात कुणाला शंका नव्हती. स्वरूप माझा मोठा मुलगा, अकरा वर्षांचा. गंगारामची बायको मथुरा, तिने म्हणे नारळसुद्धा बाजूला काढून ठेवला होता, चांगला शेंडीवाला.

आणि मी ठरवलं होतं की ते वाक्य बोलायचं नाही.

बारा दिवस डोक्यात तेच. पाठचा भाऊ, मी खांद्यावर खेळवलेला. बहिणीने पोर मागितली नाही म्हणजे पोरीत काहीतरी खोट आहे, असं दोन्ही वाड्या बोलणार. नारळ न घेता मी पऱ्या ओलांडून घरी आले की गंगाराम पुन्हा माझ्या दारात येईल का, हे मला सांगता येत नव्हतं. तरीही मी का ठरवलं, ते कळायचं तर माझ्या मुलीचं, मनस्वीचं, सांगायला हवं.

मनस्वी स्वरूपच्या पाठची, तीन वर्षांनी झालेली. गोरटेली, हसरी, पण दोन वर्षांची झाली तरी 'आ' आणि 'बा'च्या पुढे जाईना. माझी आई म्हणाली, "आपल्यात उशिराच बोलतात. तुजी आत्या चार वर्षांची होईस्तोवर मुकी व्हती." आत्या म्हणाली, "आपल्यात उशिराच बोलतात." माहेर म्हणालं तेच सासर म्हणालं, आणि का नाही म्हणणार? दोन्ही एकच घर. दुसरीकडे पोराचं नाक जरा बसकं निघालं तरी हे त्यांच्याकडे बोट दाखवतात आणि ते ह्यांच्याकडे, 'हे तुमच्याकडचं हो!' त्या भांडणात निदान नाक दिसतं तरी. आमच्याकडे भांडायला दुसरी बाजूच नव्हती.

एक होती. मथुरा नव्व्याण्णव साली लग्न होऊन आली ती गुहागरकडून, आमच्या नात्यागोत्यात नसलेली. एकदा माजघरात तांदूळ निवडताना ती मला हळूच म्हणाली, "वन्सं, आमच्याकडे तीन वर्षांची पोरां गोष्टी सांगतात. हिला एकदा कोणाला तरी दाकवा." मी तिला तिथल्या तिथे झाडलं. "तुमच्याकडचा तुमच्याकडे ठेवा," म्हटलं. नवीन नवरी, तिचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही आणि तीन वर्षं तशीच गेली. ही चूक माझी आहे. ती मी सासूच्या माथी मारत नाही की आईच्या.

मनस्वीला सहाव्या वर्षी शाळेत घातलं. गुरुजींनी तिला मागे बसवलं, कारण ती हाकेला उठत नसे. मागे बसल्यावर ती आणखीच उठेना. कधी मार खाऊन यायची, का ते तिला सांगता येत नसे. दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, "हिला बसवून उपयोग नाही. घरी ठेवा. पोर गरीब आहे, कामात लागेल."

आत्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, "नाय शिकली तर काय मरतंय काय? मी दुसरीतसून बाहेर पडले. माजा काय अडला?" तिचं खरंच काही अडलं नव्हतं. भात लावावं तर तिने, काजू फोडावा तर तिने. तोंडाने मात्र मोठी. शेजारी बसून बोलली तरी पल्याडच्या वाडीला ऐकू जाई. आणि शिष्ट म्हणून गावभर नाव, कारण वाटेत कुणी मागून हाक मारली तर ती मान वळवत नसे. मी दहावीपर्यंत शिकलेली, वाडीतली पत्रं मी लिहून देते, आणि तरी त्या रात्री मला वाटलं की गुरुजी म्हणतात ते खरं असेल, द्यावं सोडून. माझी लाज वाटते मला, पण वाटलं खरं.

दिवाळीनंतर गुरुजींची बदली झाली आणि भार्गवी बाई आल्या. शहरातल्या, नुकत्याच लागलेल्या, पायात चामड्याच्या चपला. आमच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून दोनदा घसरल्या. आठवड्याभरात त्या घरी आल्या, पडवीत बसल्या आणि म्हणाल्या, "काशीताई, मनस्वी सारखी माझ्या तोंडाकडे बघते. मी फळ्याकडे वळले की तिची पेन्सिल थांबते. तिची बुद्धी ठीक आहे हो, तिचे कान तपासून आणा." जानेवारीत रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात कानांच्या तपासणीचं शिबिर होतं, त्याची तारीखच त्यांनी वहीत लिहून आणली होती.

घरात आठ दिवस महाभारत. आत्या म्हणे, "माजी नात भैरी? एकदा नाव पडला की गेला जन्मभर! कोण करून घेल तिला?" मी म्हटलं, "नाव मठ्ठ पडलंय, ते चालतंय काय तुला?" अखेर आत्या म्हणाली, मी पण येणार, बघू कोण डॉक्टर काय सांगतो ते. म्हणजे सोबत म्हणून नव्हे, पहारा म्हणून.

सकाळच्या एसटीने गेलो. मनस्वी आजीला सोडायला तयार नव्हती, म्हणून तपासणीच्या खोलीत आत्याच तिला मांडीवर घेऊन बसली, दाराकडे पाठ करून. मी समोर. एक पांढऱ्या कोटातला तरुण त्यांच्या मागे गेला आणि त्याने घंटा वाजवली, देवातल्या घंटेएवढीच, पण जोरात. मी दचकले. मनस्वी हलली नाही. त्याने लाकडी ठोकळे आपटले. मनस्वी माझ्याकडे बघून हसत होती. मग त्या तरुणाने हात खाली घेतले आणि तो मनस्वीकडे नाही, तर आत्याकडे बघत राहिला.

आत्या पदर सारखा करत मला म्हणाली, "कदी सुरू करणार हायत गो हे? बस चुकंल आपली."

त्या दिवशी दोघींची तपासणी झाली. आत्या आधी चिडली, मग तिने कान पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "लग्न नात्यातलं?" मी अभिमानाने सांगितलं, "आतेभाऊ माझा." त्यांनी केसपेपर उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. वर एक जोडपं, माझे आजी-आजोबा, तेही नात्यातलेच. त्यांच्यापासून दोन रेघा खाली, एक माझ्या वडिलांची, एक आत्याची. वडिलांच्या रेघेखाली मी, आत्याच्या रेघेखाली हे. आणि आम्हा दोघांच्या रेघा खाली येऊन मनस्वीवर परत एक झाल्या.

त्या म्हणाल्या, "ऐकण्याची एक उणीव तुमच्या घराण्यात झाकलेली आहे. एकाच बाजूने आली तर ती झाकलेलीच राहते, पोराला काही होत नाही. दोन्ही बाजूंनी आली की उघडी पडते. बाहेरच्या घरात लग्न झालं तर सहसा रेघा अशा पुन्हा भेटत नाहीत. प्रत्येक वेळी होतं असंही नाही, तुमच्या मुलाला काहीच झालं नाही ना? तुमचा दोष नाही यात. पण आता माहीत झालंय, तर पुढे पुन्हा ह्याच रेघा जोडू नका."

मला फार राग आला. डॉक्टरवर नाही, आत्यावरही नाही. मनस्वीला मागून हाका मारमारून, ती ऐकत नाही म्हणून मी जे फटके दिले होते, ते सगळे एकदम आठवले.

एसटी स्टँडवर आत्या बाकावर बसली. चहा घेतला नाही. आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मला वाटायचा, सगळ्यांनाच एवढा ऐकू येता. माणसां तोंड हलवतात नि आपण वळखायचा." मग म्हणाली, "मास्तर मला छड्या मारायचा. का, ते मला कदी समाजला नाय. माज्या बापाने शाळंतसून काढलान नि गुरांमागं धाडलान." तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. मनस्वीला तिने घट्ट धरलं आणि म्हणाली, "हिला शाळंत घालायची. मी नेऊन सोडीन."

ह्यांना दुकानातल्या फोनवरून कळवलं. रेघांचं चित्रही समजावून सांगितलं. मग हे म्हणाले, "मंग आता काय करायचा? तुला परत धाडू काय पऱ्यापल्याड?" आणि हसले. मी फोनवरच रडले, आणि दुकानदार उगीच बरण्या पुसत बसला.

मनस्वीचं ऐकू येण्याचं यंत्र आलं ते काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी आणि तिच्यातून कानापर्यंत जाणारी वायर. आत्याने प्रत्येक झग्याला छातीशी खिसा शिवला. पहिल्या दिवशी मनस्वीने स्टीलचा पेला पन्नास वेळा जमिनीवर टाकला आणि मी एकदाही ओरडले नाही. माझ्या ओळखीच्या कुणाला हे खरं वाटणार नाही. पोरं 'रेडिओ, रेडिओ' म्हणून चिडवायची. आत्या रोज सोडायला जायची ती काठी घेऊन, तेव्हा चिडवणं महिन्याभरात थांबलं. भार्गवी बाईंनी तिला पुढे बसवलं आणि स्वतःला सवय लावून घेतली, बोलायचं ते पोरांकडे तोंड करून.

आत्याचं यंत्र पावसात आलं. तिला नको होतं, "म्हातारपणी कशाला ह्या ढोंगा?" म्हणत होती. कानात घातलं, पडवीत येऊन उभी राहिली आणि मला विचारलं, "ह्यो आवाज कसला?" मी म्हटलं, "पऱ्या वाहतोय, आते." चाळीस वर्षं ती त्या पऱ्याच्या काठावर राहत होती. "एवढा वरडतो तो?" म्हणाली आणि कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. गावाचं मात्र नुकसान झालं. तिच्या पाठीमागे तिच्याविषयी बोलायची जी सोय होती, ती बंद पडली.

मनस्वी दुसरी पास झाली. गणितात वर्गात पहिली, मराठीत काठावर. 'स' अजून तिला जमत नाही. भावाला 'वरूप' म्हणते आणि तो ओ देतो. तिचं बरं चाललंय. पण जे गेलं तेही मला माहीत आहे. सहा वर्षं ती घरात असून गोष्टीत नव्हती, गाण्यात नव्हती. पाळण्यात तिच्या कानात सांगितलेलं तिचं नाव तिला पोचलंच नव्हतं.

म्हणून ते वाक्य मला बोलायचं नव्हतं. रेघांचं मी आत्याला सांगितलं होतं, पण बारशात काय करणार ते तिलाही सांगितलं नव्हतं. ती स्वतः नारळ घेतलेली बाई. तिचा रिवाज मी मोडणार, तर तिला काय वाटेल?

बाराव्या दिवशी गंगारामचं घर बायांनी भरलं. हे मे महिन्याच्या रजेवर आले होते, दारात उभे होते. नाव मथुरेने ठरवलं होतं, उर्वी. मी पाळण्यात वाकले, कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. पाठीत धपाटे बसले, एक-दोन तर जुना हिशेब काढून घातलेले. मी सरळ झाले. सगळ्या थांबल्या. मथुरा नारळ घेऊन पुढे आली.

मी ओटी पसरली नाही.

"ताये?" गंगाराम म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "माजी पोरगी पसंत नाय काय?"

"तुजी पोरगी लाखात एक हाय," मी म्हटलं, "म्हणूनच मागत नाय." मग मी खाली बसले. पाळण्याखाली रांगोळीची वाटी होती. मी शेणाने सारवलेल्या जमिनीवर चित्र काढलं. वर आजी-आजोबा, दोन रेघा, मी, हे, मनस्वी. शेजारी गंगाराम आणि त्याची पोर. मग स्वरूप. "ह्या रेघा परत जोडल्या तर काय होईल ते सांगता येत नाय, गंगा. कदाचित काय नाय होणार. पण मनस्वीने सहा वर्षं मार खाल्लान. ते मी जाणूनबुजून दुसऱ्या पोरावर आणू काय?"

एक म्हातारी पुटपुटली, असं कधी ऐकलं नव्हतं म्हणून. आता आत्याकडे बघायचं धाडस मला होईना.

आत्या उठली. मथुरेच्या हातातून तिने नारळ घेतला. "काशीला मागितली त्येचा मला पस्तावा नाय," ती म्हणाली, आणि यंत्र लावूनही तिचा आवाज काही लहान झालेला नाही. "अशी सून दिवा घेऊन शोदली असती तरी गावली नसती. पण एकदा जोडली रेघ. आता पुरे." आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडावर तिने नारळ फोडला.

पहिला तुकडा तिने मथुरेच्या हातावर ठेवला. मी तिच्याजवळ गेले. "वहिनी, तू तेव्हाच सांगितला व्हतास. मी तुला झाडली." ती म्हणाली, "आदी खोबरां खावा, वन्सं," आणि आम्ही दोघी एकदम रडायला लागलो. बारशात रडू नये म्हणून बायांनी आम्हाला दटावलं.

गंगाराम मात्र रांगोळीतल्या रेघांकडे बघत बसला होता. त्याने खोबरं घेतलं नाही. मग त्याने मान वर केली आणि बारीक आवाजात विचारलं, "ताये, हिला ऐकू येतंय ना गो?"

आत्याने ओवाळणीची पितळी थाळी उचलली, पाळण्याच्या मागे गेली आणि त्या दवाखान्यातल्या तरुणासारखीच, पोरीला दिसणार नाही अशी उभी राहून, पळीने थाळी दणकन वाजवली. उर्वी अख्खी दचकली, हातपाय वर गेले, आणि तिने जो टाहो फोडला तो वरच्या वाडीभर गेला असेल. गंगाराम हसायला लागला. डोळे पुसत हसत होता आणि माझ्याकडे बघून हात पुढे करत होता, खोबऱ्यासाठी.

बाहेर खळ्यात, घराकडे पाठ करून, मनस्वी पोरांबरोबर सागरगोटे खेळत बसली होती. ती सागरगोटे टाकून उठली आणि छातीवरची डबी हाताने धरून धावत आत आली.

"मामा," ती म्हणाली, "बाळ रडतंय!"

तिला कुणीही हाक मारली नव्हती.